प्रणाम, बाई

देवास,
८ सप्टेंबर २०२५

ती. आक्कास,
मार्तंडचा साष्टांग नमस्कार.

पत्र पाहून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. मी मात्र शुक्रवारपासून नीट जेवलेलो नाही. फोन केला असता, पण तुझ्या कानांमुळे मी इकडे ओरडतो आणि शेजारचे दार उघडून बघतात. शिवाय ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

शाळेने चिऊवर नोटीस काढली आहे. आपल्या चिऊवर!

शुक्रवारी शिक्षकदिन होता. त्यांच्या शाळेत जुलैपासून नव्या प्रिन्सिपॉल आल्या आहेत, अल्पना मॅडम, भोपाळच्या. दहावीच्या मुलांनी शिक्षकांना फुलं द्यायची होती. चिऊ खो-खोची कॅप्टन, म्हणून मॅडमचं फूल तिच्या वाट्याला आलं. ती मंचावर गेली, वाकली, आणि चालू माइकसमोर म्हणाली, "प्रणाम, बाई."

हा शब्द कुठून आला ते तुला कळलंच असेल. उन्हाळ्यात ती तुझ्याकडे धारला राहिली. तुझ्या ओट्यावर बसून तिने रोज पाहिलं की भाजीवाला असो की टक्कल पडलेला वकील, तुला बघून थांबतो, "प्रणाम, बाई" म्हणतो, आणि तू निवडणातून मान वर न करता "शहाणा हो" म्हणतेस. परत आली ती मला सांगत, "आजोबा, आक्काआजीच्या वरची पोस्टच नाही." तिच्या मनात हा शब्द सगळ्यांत उंच फळीवर ठेवलेला. पण इथे हिंदीत बाई म्हणजे धुणं-भांडी करणारी, हे तिच्या त्या वेळी ध्यानातच आलं नाही.

सगळा हॉल हसला. मागून दोन मुलं ओरडली, "बाई, पोछा भी लगा दो!" मॅडमचा चेहरा पांढरा पडला म्हणे.

नंतर केबिनमध्ये बोलावलं. मॅडम म्हणाल्या, "सॉरी लिखो." ही म्हणाली, "मैडम, मैंने तो इज़्ज़त से बोला था." मॅडम म्हणाल्या, "बाई इज़्ज़त का शब्द है?" त्यावर गप्प बसावं की नाही? म्हणते कशी, "झाँसी की रानी के नाम में भी है, मैडम. उनसे कौन पोछा लगवाता था?"

खरं सांगतो, हे ऐकताना मला आतून हसू आलं, आणि लगेच मी दाराकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही.

नोटिशीत दोन गुन्हे लिहिले आहेत. एक, वरिष्ठांना अपमानाने हाक मारणं. दुसरा, उलट उत्तर देणं. महिनाअखेरपर्यंत लेखी माफी दिली नाही तर दसऱ्यानंतर तुमच्या धारला शाळांची जी खो-खो स्पर्धा आहे तिच्यात चिऊ खेळणार नाही. ती सहावीपासून या एका संघासाठी गुडघे फोडून घेते आहे. पुढच्या वर्षी शाळा बदलणार, मग हा संघ कुठला?

सूनबाई म्हणते, "दोन ओळी लिहून दे आणि विषय संपव." लेकीची बाजू घ्यायला स्वानंद घरात नाही, तो पिथमपूरला कामावर, शनिवारी येणार. चिऊ म्हणते, "चूक केली असती तर शंभरदा लिहिलं असतं." आणि वर पितृपक्ष लागलेला. या दिवसांत कसला कागद करावा की करू नये, तेही कळत नाही.

कारखान्यात इतकी वर्षं घालवून मी एकच गोष्ट शिकलो. साहेब रागावला की आधी हात जोडायचे, कशाबद्दल ते मागून विचारायचं. तू शिकलेली आहेस. काय करू ते लिही. कडक लिहू नकोस.

तुझा,
मार्तंड


धार,
१२ सप्टेंबर २०२५

चि. मार्तंड,
आशीर्वाद.

तुझं शुद्धलेखन सुधारलं आहे. भीती तेवढी दुसरीत होती तशीच आहे.

चिऊने माफी लिहायची नाही. हे मी कडक लिहिलेलं नाही, सरळ लिहिलं आहे.

मला एक सांग, "पोछा लगा दो" असं ओरडणाऱ्या त्या दोन मुलांना नोटीस मिळाली का? तुझ्या पत्रात ते कुठेच नाही, म्हणजे मिळाली नसणार. वाकून नमस्कार करणारीला शिक्षा आणि हसणाऱ्यांना सुट्टी. अशा शाळेत मुलं काय शिकतील ते तूच सांग.

मी इतकी वर्षं शिकवलं. मुलांनी माझ्या तासाला डुलक्या घेतल्या, फळ्यावर माझं नाक काढलं (बरं काढलं होतं), एकाने तर चुकून मला "ए आई" म्हटलं. कुणाला घरी पाठवलं नाही. एकदाच पाठवलं. एका मोठ्या घरच्या मुलाने आमच्या शिपायाचा जेवणाचा डबा पायाने बाजूला सारला. तोंडाने तो मुलगा सगळ्यांना "जी, जी" करायचा. त्याच्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही की मुलाने नक्की काय केलं.

तुझ्या मॅडमना मीच पत्र लिहिते. हिंदीत, मुद्देसूद. मराठी शाळेत बाई म्हणजे काय, हे त्यांना कुणीतरी सांगायलाच हवं. गर्विष्ठ दिसतात.

तू काही करू नकोस. तू काही करायला गेलास की एकाची दोन कामं होतात. मैदान माझ्या घरापासून जवळ आहे आणि मला चिऊचा खेळ बघायचा आहे. कान गेले असले तरी डोळे शाबूत आहेत.

आक्का


देवास,
२१ सप्टेंबर २०२५, सर्वपित्री

ती. आक्कास,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्याच दिवशी मी ते करून बसलो होतो.

मला राहवेना. मी चिऊच्या वतीने स्वतःच माफी लिहिली. हिंदीत, दोन्ही बाजूंनी पानभर, आणि शाळेच्या फाटकावर हंबीररावांच्या हातात दिली. हंबीरराव म्हणजे तिथले गार्ड, आपल्यातलेच. वाटलं, गुपचूप मिटेल.

कुठलं मिटतंय! खेळाच्या तरुणसरांनी सगळ्या संघासमोर चिऊला सांगितलं, "चलो, तेरा माफीनामा आ गया, भिया अब टेंशन खतम!" (ते मुलींनाही भाऊ म्हटल्यासारखं भियाच म्हणतात.) ती घरी आली ती तशीच माझ्यापुढे उभी राहिली. रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आजोबा, मी खोटं बोलत होते असं तुम्ही लिहून दिलंत." खेळाचे बूट उचलून माळ्यावर टाकले. म्हणाली, "माफीवर मिळालेलं खेळायचं नाही मला." तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. चहा आणून ठेवते, पण कप टेबलावर आपटून.

आणि एवढ्यावर भागलं नाही. काल शाळेतून निरोप आला, "सोमवारी दादाजींना पाठवा, त्यांच्या पत्राबद्दल बोलायचं आहे." मी कच्चा खर्डा काढून सूनबाईला दाखवला. तिने वाचला आणि कपाळाला हात लावला. "बाबा, हे काय? तुम्ही मॅडमना सगळीकडे 'तुम' लिहिलंय!"

बघ ना आक्का. मी लिहिलं होतं, "तुम बड़ी हो. तुम दयालु हो. तुम हमारी बच्ची को माफ करो. तुम जो बोलोगी वो हम करेंगे." मनात सगळं 'तुम्ही' होतं गं. कागदावर हिंदी झालं आणि 'तुम्ही'चं 'तुम' झालं. म्हणजे अपमानाची माफी मागताना मी ओळीओळीला अपमान केला.

तुला कधी सांगितलं नाही, पण माझ्यावर ही वेळ दुसऱ्यांदा आली आहे. नोकरीला लागलो त्या वर्षी नवे मॅनेजर आले होते. मी खुर्ची पुसून पुढे केली आणि म्हणालो, "तुम बैठो साहब, मैं चाय लाता हूँ." चहा आणेपर्यंत माझ्या नावाचा मेमो तयार! काय चुकलं ते मला कुणी सांगितलंसुद्धा नाही, मीच हळूहळू समजून घेतलं. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी साहेब लोकांशी बोलताना 'तुम' नाही की 'आप' नाही, नुसतं "साहब बैठिए, साहब लीजिए" करत आलो. बोलताना सांभाळलं. लिहिताना मन घरी पळालं.

उद्या घटस्थापना. लोक टेकडीवर देवीला जातील आणि मी मॅडमकडे. रक्तदाबाची गोळी दोनदा घ्यावी का, विचारलं तर सूनबाई नको म्हणाली.

चिऊ खेळली नाही तर ते माझ्यामुळे. एवढंच डोक्यात फिरतं आहे.

मार्तंड


देवास,
२३ सप्टेंबर २०२५

ती. आक्कास,
नमस्कार.

काल गेलो. इस्त्रीचा सदरा, टोपी. फाटकावर हंबीरराव म्हणाले, "काय भिया, आज साहेबापुढे पेशी?" मी म्हटलं, "प्रार्थना करा." आत चिऊलाही बोलावून घेतलेलं. ती भिंतीकडे बघत उभी.

मॅडमच्या टेबलावर माझं पत्र. म्हणाल्या, "दादाजी, बैठिए. इस चिट्ठी में आपने मुझे हर लाइन में तुम लिखा है."

मी बसलेला उठलो. हात जोडले गेलेच. म्हटलं, "मैडम, हमारे में तुम मतलब आप. हम बाप को भी तुम्ही बोलते हैं. गुरुजी को भी तुम्ही. उसके ऊपर कुछ है ही नहीं."

"और आप घर में तू किसको बोलते हैं?"

"भगवान को. और माँ को."

"माँ को तू?"

"हाँ मैडम. माँ को तूच."

त्या पत्र पुन्हा उघडून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दो पन्ने हाथ जोड़कर लिखने वाला आदमी मेरी बेइज़्ज़ती तो नहीं करेगा." आणि थोड्या वेळाने, चिऊकडे बघत, "तो फिर बाई...?"

आक्का, इथे मला काय झालं ते माहीत नाही. चिऊ तशी भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिची वेणी सुटायला आली होती. मी म्हटलं, "मैडम, मेरी बड़ी बहन धार में बाई है. वकील स्कूटर से उतर के प्रणाम करता है. बच्ची ने वो देखा, इसलिए सबसे बड़ा शब्द तुमको दिया." पुन्हा 'तुमको'! पण आता थांबता येईना. "ये माफी मैंने लिखी, मेरे डर से लिखी. इसमें बच्ची का कुछ नहीं है. ये मेरे को वापस दो."

'दीजिए' नाही, 'दो'. मलाच माझा आवाज ओळखू आला नाही. चिऊने वळून पाहिलं.

मॅडम हसल्या. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले आणि पुसतच राहिल्या. म्हणाल्या, "मेरी अम्मा भोपाल में लोगों के घर बर्तन माँजती थीं. सब उन्हें बाई बुलाते थे. बरसों काम किया, किसी ने नाम नहीं पूछा. और मुझे स्कूल में लड़के कहते थे, बाई की लड़की. उस दिन मंच पर वही हँसी सुनी, तो मैं सुनते-सुनते छोटी बच्ची हो गई."

तू त्यांना गर्विष्ठ म्हणालीस. मीही तेच धरून चाललो होतो.

चिऊ टेबलाजवळ आली. "मैडम, अम्मा का नाम क्या था?"

"दुर्गा."

"तो हमारे यहाँ उनको दुर्गाबाई बोलते," चिऊ म्हणाली, "नाम के साथ."

मॅडमनी तो शब्द दोनदा हळूच म्हणून पाहिला. मग नोटीस काढली, तिच्यावर आडवी रेघ मारली आणि माझं पत्र चिऊच्या हातात दिलं. चिऊने त्याचे तुकडे केले आणि माझ्याच खिशात कोंबले, शाळेत कचरा टाकायचा नाही म्हणून.

ती रानीवाली गोष्ट मात्र निघाली. मॅडम म्हणाल्या, "जवाब तेरा सही था, आवाज़ ऊँची थी." चिऊ म्हणाली, "आवाज़ के लिए सॉरी, मैडम. बाई के लिए नहीं." मॅडम म्हणाल्या, "मंज़ूर." त्या दोन मुलांचंही ठरलं. पुढच्या कार्यक्रमाच्या आधी मंचावर पोछा तेच लावणार.

निघताना मॅडम चिऊला म्हणाल्या, "धार से जीतकर आना, तब बाई कहना. हारी तो मैडम ही ठीक है."

फाटकाबाहेर येईपर्यंत चिऊ पुढे पुढे चालत होती. मग एकदम माझा हात धरून म्हणाली, "आजोबा! 'वापस दो' म्हणालात तुम्ही!" घरी येऊन माळ्यावरचे बूट मलाच काढायला लावले.

आता नवी चिंता. हरल्या तर?

मार्तंड

ता. क. तू मॅडमना पत्र टाकलंस का? टाकलं असशील तर काय करायचं?


धार,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. मार्तंड,
आशीर्वाद.

माझं पत्र मी टाकलं नव्हतं. पाच पानं झाली होती आणि त्यात एकही चूक नव्हती. तुझं सर्वपित्रीचं पत्र आलं तेव्हा हे ट्रंकेत टाकलं. तुझ्या 'तुम'पुढे माझं व्याकरण कशाला?

तू आला नाहीस ते बरंच केलंस. काल तू इथे असतास तर तुला धरून बसायला दोन माणसं लागली असती.

तुझ्या मॅडम संघाबरोबर आल्या आणि विचारत विचारत माझ्या शेजारी येऊन बसल्या. मला ऐकू येत नाही हे कळल्यावर पर्समधून कागद काढून त्यावर लिहू लागल्या. अक्षर सुरेख आहे. मी नाव विचारल्यावर त्यांनी लिहिलं, "अल्पना, बेटी दुर्गाबाई की." मी तो कागद जपून ठेवला आहे.

आम्ही बसलेलो असताना माझे विद्यार्थी येत होते. दुकानवाले, एक डॉक्टर, पोस्टातला तो उंच. प्रत्येक जण वाकून जायचा. मॅडमनी कागदावर विचारलं, "आप इनको जवाब में क्या कहती हैं?" मी त्यांना शिकवलं. मुलगा असेल तर 'शहाणा हो', मुलगी असेल तर 'शहाणी हो', पुष्कळ मुली असतील तर 'शहाण्या व्हा'. त्यांनी तिन्ही लिहून घेतलं आणि ओठ हलवत पाठ केलं. विद्यार्थिनी चांगली आहे, लिंगात मात्र गोंधळते.

आता खेळ. अंतिम सामना धामनोदच्या मुलींशी. त्या काटक, हरिणीसारख्या पळणाऱ्या. पहिल्या डावात त्यांनी आपल्या मुलींना पाटीवर बसणंसुद्धा सुधरू दिलं नाही. मॅडमनी माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी रुतली. शेवटच्या डावात आपला पाठलाग. धामनोदची एकच मुलगी उरलेली, ती पकडली की सामना आपला, नाही तर त्यांचा. ती नागमोडी पळत होती आणि आपल्या मुली एकीमागून एक खो देत होत्या. मला एकही 'खो' ऐकू आला नाही. दिसत होत्या त्या पाठीवर पडणाऱ्या थापा आणि उडणारी धूळ. चिऊ शेवटच्या पाटीवर, खांबाशेजारी. तिला खो मिळाला तेव्हा ती मुलगी खांबाला वळसा घालून गेलीसुद्धा होती. चिऊने एका हाताने खांब धरला आणि अख्खं अंग आडवं हवेत टाकलं. मार्तंड, मला वाटलं पोरगी गेली. धूळ बसली तेव्हा ती पालथी पडली होती आणि तिच्या हाताची दोन बोटं त्या मुलीच्या टाचेवर टेकलेली होती.

पंचांनी हात वर केला. मॅडम माझ्या शेजारून उठून पातळ सावरत मैदानात पळत होत्या.

मुली त्यांच्याभोवती गोळा झाल्या आणि सगळ्यांनी तोंड उघडलं, काय म्हणणार ते मला कळलंच. पण मॅडमनी हात वर करून थांबवलं. नंतर मी विचारलं तेव्हा कागदावर लिहून दाखवलं, "यहाँ नहीं. जहाँ हँसे थे, वहीं."

धामनोदच्या त्या मुलीला चिऊने स्वतः उठवलं आणि तिच्या पायाची धूळ झटकली. हे मी पाहिलं. याला मी आदर म्हणते, तुझ्या नोटिशीत लिहायचं असेल तर लिही.

आक्का


देवास,
१४ ऑक्टोबर २०२५

ती. आक्कास,
साष्टांग नमस्कार.

काल शाळेत सत्कार होता. मलाही बोलावलं. तू म्हणशील याला काय नेसावं-ल्यावं याची चिंता लागली असेल; लागली होती. शेवटी तोच इस्त्रीचा सदरा, तीच टोपी. फाटकावर हंबीररावांनी चक्क सलाम ठोकला. "भिया, आज पेशी नाही, दरबार!"

हॉल तोच. मंच ओला चमकत होता आणि ती दोन मुलं बादली घेऊन कोपऱ्यात उभी होती, पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली. मी शेवटच्या ओळीत बसलो, म्हणजे काही झालं तर लवकर बाहेर पडता येईल. स्वानंद रजा काढून आला होता, सूनबाई मोबाइल धरून उभी. पुन्हा कुणी हसलं तर? चिऊ पुन्हा काही बोलली तर?

संघ ओळीने मंचावर चढला. चिऊच्या गुडघ्याला पट्टी, हनुवटीवर ओरखडा, हातात करंडक. तिने तो मॅडमच्या हाती दिला, माइककडे वळली, आणि सगळ्या मुली एका सुरात, "प्रणाम, बाई!"

कुणीही हसलं नाही. मग तरुणसर मागून ओरडले, "अरे ज़ोर से!" आणि सगळ्या शाळेने, लहान वर्गांसकट, छत उडेल असा घोष केला. "प्रणाम, बाई!" बादलीवाले दोघेही ओरडत होते, त्यातला एक तर हात जोडून.

मॅडम माइकजवळ आल्या. करंडक छातीशी धरलेला. म्हणाल्या, "शहाण्या व्हा." अगदी तुझ्यासारखं, फक्त 'ण'चा 'न' झाला. मग थांबून म्हणाल्या, "मेरी अम्मा दुर्गाबाई आज होतीं, तो उनको भी आप सब ऐसे ही प्रणाम करते." एवढंच. जास्त बोलल्या असत्या तर सगळेच रडले असते.

स्वानंद इतका टाळ्या पिटत होता की त्याचं घड्याळ सुटून खाली पडलं. चिऊने मंचावरून मला शोधलं आणि दोन बोटं वर करून दाखवली, तीच टाचेवर टेकलेली.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर पडायच्या घाईत होतो, तर मॅडम समोरच आल्या. माझे हात सवयीने जोडले गेले. जन्मभर मी ते घाबरून जोडत आलो. काल जोडले तेव्हा पहिल्यांदाच भीती नव्हती, आणि ते मला चांगलं कळलं. ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "प्रणाम, बाई. तुम जीत गई."

आजूबाजूच्या दोन शिक्षिकांनी 'तुम' ऐकून माना वळवल्या. मॅडमनी मान डोलावली, आठवून आठवून योग्य शब्द शोधला, आणि बहात्तर वर्षांच्या सातवी पास मार्तंडच्या टोपीवर हात ठेवून सगळ्यांदेखत म्हणाल्या,

"शहाणी हो."

मी झालो, आक्का.

मार्तंड